बॉयकॉट : क्रियापद झालेला कारभारी (थ्रेड)

चित्रपट, ब्रँड, सामना; समाजमाध्यमांवर रोज काही ना काही ‘बॉयकॉट’ होत असते. इंग्रजीत व्यक्तिनामांवरून आणखीही क्रियापदे झाली आहेत. दूध ‘पाश्चराइज’ करतात, त्यामागे ती प्रक्रिया शोधणारा लुई पाश्चर आहे. तेथे नाव कर्त्याचे आहे. चार्ल्स बॉयकॉटने मात्र कुणालाच बॉयकॉट केले नव्हते. तो त्या क्रियापदाचे पहिले कर्म होता.

आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो परगण्यात हा इंग्रज गृहस्थ लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. कुळांकडून खंड वसूल करायचा, न दिल्यास त्यांना जमिनीवरून हुसकावायचे, हे त्याचे काम. १८८० साली जमीनदाराने खंडात १० टक्के सूट देऊ केली. कुळांनी २५ टक्के मागितली. ती नाकारली गेली आणि सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा निघाल्या.

त्याच महिन्याच्या १९ तारखेला एनिस येथील सभेत लँड लीगचे नेते पार्नेल यांनी एक उपाय सांगितला होता : हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याच्याशी सर्व व्यवहार तोडा. मेयोच्या कुळांनी तो थेट कारभाऱ्यावर चालवला. शेतमजूर आणि घरगडी निघून गेले. लोहार येईना, धोबीण येईना, दुकानदार माल देईना. टपाल आणणाऱ्या पोरानेही येणे थांबवले. पीक शेतातच राहिले. अखेर नोव्हेंबरात अल्स्टरमधून ५० स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणास सुमारे १००० सैनिक व पोलीस. अंदाजे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी १०,००० पौंड खर्ची पडले! १ डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

या कृतीला नाव काय द्यावे? अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथने नोंदवल्याप्रमाणे, ‘ऑस्ट्रसाइझ’ हे ग्रीक मुळाचे क्रियापद शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून स्थानिक धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी कारभाऱ्याचे आडनावच सुचवले. विद्वानांना न विचारता घडलेला हा शब्द लवकरच फ्रेंच आणि जर्मन भाषांतही रुजला.

मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही; ‘बहिष्कार’ होताच. वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला बसला. पण त्याचा जुना अर्थ वाळीत टाकण्याचा, जातीबाहेर काढण्याचा. पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहा प्रकरणात खुद्द टिळकांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली सभा स्थापन केली ती ‘बहिष्कृत हितकारिणी’, आणि १९२७ साली पत्र काढले ते ‘बहिष्कृत भारत’.

कृती तीच : काम बंद, दुकान बंद, बोलणे बंद. परंतु मेयोत ती खंड भरणाऱ्यांनी केली. आपल्या गावांत ती बहुधा जमीन आणि पाणवठा ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी केली. शब्दकोश दोन्हींना एकच प्रतिशब्द देतो, कर्ता सांगत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. त्याच्या इंग्रजी नावात शब्द आहेत ‘सोशल बॉयकॉट’.