बालाथलचा महारोगी

लहानपणी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर काही महारोगी बसलेले असत. आम्ही पोरे त्यांच्या कटोऱ्यात नाणे वरूनच टाकायचो, हात लागू नये म्हणून. राजस्थानातल्या एका सांगाड्याविषयी वाचले आणि ते कटोरे आठवले.

उदयपूरजवळच्या बालाथल या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा मोठा वाटा होता. तेथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या नाकपोकळीच्या कडा झिजलेल्या, नाकाच्या तळाशी असणारा हाडाचा काटा विरलेला आणि वरचा जबडा खंगलेला होता. काही दात जिवंतपणीच पडले होते, कारण त्यांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे नाक, हात, पाय यांत वाढतात. म्हणून संशोधकांनी ही खूण ओळखली. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा हाडांवरचा कुष्ठरोगाचा तो जगातला सर्वांत जुना पुरावा ठरला.

बहुतेक आजार हाडांवर खूण ठेवतच नाहीत. माणूस लवकर मरतो किंवा लवकर बरा होतो. हाड झिजायला वर्षे लागतात. म्हणजे हा माणूस आजार घेऊन बराच काळ जगला. मेल्यावर त्याला दगडी भिंतींच्या आवारात, जळलेल्या शेणाच्या राखेत पुरले गेले. यात कोणाला मान दिसेल, कोणाला शुद्धीकरण. हाडे फक्त रोग सांगतात, लोकांची नजर सांगत नाहीत.

आपली नजर मात्र कायद्यात लिहिलेली होती. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. हिंदू विवाह कायद्यातही कुष्ठरोग होताच. या बाबतीत दोन्ही समाज एकमताचे! जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही ही कलमे २०१९ साली निघाली. औषधानंतर अडतीस वर्षांनी.

कायदा सुधारला, हे चांगलेच झाले. पण नाणे वरून टाकणारा हात कोणत्याही कायद्याने शिकवला नव्हता. तो माझाच होता.