अलिबाग
अलिबाग : महाराष्ट्रातील रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व समुद्रकाठचे पर्यटनस्थळ. अली नावाच्या धनिकाच्या बागांवरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या आरमारामुळे यास महत्त्व आले. आंग्र्यांचे संस्थान ब्रिटिशांनी १८४० मध्ये खालसा केले. शिवकालीन कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर असून तेथे ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते. ज्या पाण्याने शत्रूस रोखले, तेच आज प्रवाशांचे प्रमुख आकर्षण ठरले आहे; मात्र किल्ला पाहणाऱ्यास भरतीपूर्वी परतावे लागते. किल्ल्यातील सिद्धिविनायक मंदिर, गावातील हिराकोट व कान्होजींची समाधी प्रेक्षणीय आहेत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तेथील चुंबकीय वेधशाळेचे काम १९०४ मध्ये येथे आणण्यात आले.