सव्वा पैशाचा करार : व्होल्टा नदी, तिचे सल्लागार आणि घानाची वीज

१९१५ साल. पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत अल्बर्ट किटसन नावाचा एक भूगर्भशास्त्रज्ञ होडीतून व्होल्टा नदी उतरत होता. तो वसाहतीच्या भूगर्भसर्वेक्षण खात्याचा संचालक. आदल्याच वर्षी त्याला डोंगरात बॉक्साइटचे साठे सापडले होते. अकोसोंबोजवळ डोंगररांगेतून वाट काढणारी अरुंद घळई पाहिल्यावर त्याने दोन गोष्टींची सांगड घातली : इथे धरण बांधावे, त्या विजेवर बॉक्साइटचे ॲल्युमिनियम करावे.

आजचा धागा त्या कल्पनेचा आहे, आणि त्याहून अधिक, ती कागदावरून नदीत उतरेपर्यंत गेलेल्या पन्नास वर्षांचा. धागा लांब आहे, आणि त्यात लढाया नाहीत. अहवाल आहेत, दर आहेत, कर्जाच्या अटी आहेत. पण एका देशाचे तीस वर्षांचे भवितव्य ज्या आकड्याने बांधून ठेवले, तो आकडा अशाच एका करारात लिहिला गेला.

विकसनशील देशांनी कोळसा-तेल सोडून स्वच्छ विजेकडे वळावे, त्यासाठी पैसा कसा उभारावा, कोणाला हमी द्यावी, दर किती ठेवावा, हे सांगणारे सल्लागार आज जगभर फिरतात. हा व्यवसाय कालपरवाचा नव्हे. 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, व्होल्टाच्या काठावर हे सगळे एकदा घडून गेले आहे.

किटसनची योजना बरीच वर्षे कागदावरच राहिली. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. विमानांना ॲल्युमिनियम लागते, आणि ब्रिटनला ते डॉलर मोजून आणावे लागे. स्वतःच्या वसाहतीत, पौंडांत मिळणारे ॲल्युमिनियम कोणाला नको होते? १९४९ मध्ये वसाहतीच्या सरकारने हॅलक्रो या ब्रिटिश अभियांत्रिकी सल्लागार संस्थेला नदीचा अभ्यास करायला सांगितले. १९५२ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली. १९५३ मध्ये पूर्वतयारी आयोग बसला. त्याचे प्रमुख होते कमांडर रॉबर्ट जॅक्सन. हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यात नावाजले होते.

जॅक्सन आयोगाचा तीन खंडांचा अहवाल १९५६ मध्ये आला. माझ्या मते त्या काळातल्या अशा अहवालांत तो फार प्रामाणिक आहे. धरण, भट्टी, रेल्वे, बंदर यांचा हिशेब त्यात आहेच. पण पाण्याखाली जाणाऱ्या गावांचा, साचलेल्या पाण्याबरोबर येणाऱ्या रोगांचा, मासेमारीचा विचारही त्यात आहे. एकूण खर्च सुमारे २३ कोटी पौंड निघाला. तेवढ्यात जगात ॲल्युमिनियमचा भाव पडला आणि ज्या कंपन्या भट्टी उभारणार होत्या त्यांचा उत्साह मावळला. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला. क्वामे एन्क्रुमा यांच्या हाती स्वातंत्र्य आले, धरणाचे अहवाल आले, पैसा मात्र आला नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. घानात कोळसा नव्हता. शहरांना लागणारी वीज आयात केलेल्या डिझेलवर निघे. उद्योग हवे असतील तर वीज हवी, आणि वीज हवी असेल तर नदीवाचून दुसरा मोठा आधार नव्हता. एन्क्रुमांची धरणाची आस ही निव्वळ भव्यतेची हौस होती असे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. दुसरी बाजूही होती. सेंट लुशियाचे अर्थतज्ज्ञ आर्थर ल्युइस यांनी (पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले) १९५३ मध्येच याच सरकारसाठी अहवाल लिहून बजावले होते, की उद्योगांच्या आधी शेतीची उत्पादकता वाढवा. स्वातंत्र्यानंतर ते काही काळ एन्क्रुमांचे आर्थिक सल्लागारही होते. दोघांचे जमले नाही.

जुलै १९५८ मध्ये एन्क्रुमा वॉशिंग्टनला गेले, अध्यक्ष आयझेनहॉवर यांना भेटले, आणि प्रकल्पाची फेरतपासणी अमेरिकेतल्या कैसर समूहाच्या अभियंत्यांकडे आली. १९५९ च्या त्यांच्या अहवालाने बराच खर्च छाटला. धरण अजेना या जुन्या जागेवरून अकोसोंबोला, म्हणजे किटसनच्या घळईत, सरकले. भट्टी क्पोंगहून टेमाच्या नव्या बंदरात गेली. आणि सर्वांत महत्त्वाची काटछाट : घानाचे बॉक्साइट तूर्त बाजूला ठेवायचे. ते खणणे, शुद्ध करून त्याची अल्युमिना ही पांढरी भुकटी बनवणे, त्यासाठी रेल्वे टाकणे, हे सगळे नंतर. भट्टीत परदेशातून आणलेली अल्युमिना वितळवायची.

म्हणजे बघा, किटसनने जे दोन धागे एकत्र गुंफले होते, त्यातला एक इथे निसटला. देशात नदी, देशात बॉक्साइट, आणि तरी कच्चा माल अटलांटिकपलीकडून बोटीने येणार. हिशेबाने हे चूक नव्हते, खर्च खरोखरच कमी झाला. पण घानाच्या वाट्याला उरली ती फक्त वीज विकण्याची भूमिका. आणि हा सल्ला देणाऱ्या अभियंत्यांच्याच समूहातली ॲल्युमिनियम कंपनी पुढे भट्टीची मालक झाली. व्हाल्को असे तिचे नाव, ९० टक्के वाटा कैसरचा, १० टक्के रेनॉल्ड्सचा. सल्लागार आणि गिऱ्हाईक एकाच घरातले. यात कोणी काही लपवले नव्हते, सगळे उघड होते.

आता कर्जाचे गणित. नदी किती मोठी, धरण किती उंच, हे पाहून कोणतीही बँक पैसा देत नाही. ती विचारते, वीज घेणार कोण? १९६० च्या सुमाराचा घाना अकोसोंबोची वीज एकटा संपवू शकत नव्हता, तेवढे कारखाने नव्हते, तेवढ्या तारा नव्हत्या. एक टन ॲल्युमिनियम गाळायला मात्र सुमारे १५,००० युनिट वीज लागते. ती रात्रंदिवस, वर्षानुवर्षे लागते, कारण थंड पडलेली भट्टी म्हणजे गोठलेला धातू. त्यामुळे जागतिक बँकेच्या दृष्टीने प्रकल्पाचा खरा पाया खडक नव्हता, तर व्हाल्कोची सही होती. आणि ज्याच्या सहीवाचून कर्जच मिळत नाही, तो गिऱ्हाईक दर ठरवायला बसला की पारडे कोणाकडे झुकणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दर ठरला युनिटला २.६२५ मिल. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. त्या काळच्या विनिमय दराने ही किंमत आपल्याकडचा सव्वा नवा पैसा होते. हा दर ३० वर्षांसाठी होता. शिवाय करसवलती होत्याच.

राजकारणानेही आपला वाटा उचलला. १९५६ मध्ये अमेरिकेने आस्वान धरणातून हात काढून घेतला, आणि नंतर सोव्हिएत संघ नाईलच्या काठी येऊन बसला. ती ठेच वॉशिंग्टन विसरले नव्हते. मार्च १९६१ मध्ये एन्क्रुमा केनेडींना भेटले. पण त्याच वर्षी ते सोव्हिएत दौऱ्यावर गेले, घरी विरोधकांना तुरुंगात टाकू लागले, आणि अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी उघडपणे विरोधात उभे राहिले. अर्थतज्ज्ञ बार्बरा वॉर्ड यांनी बाजू मांडली. या बाई म्हणजे जॅक्सन आयोगाच्या जॅक्सन यांच्या पत्नी. केनेडींनी पाहणीसाठी क्लॅरेन्स रँडल यांचे पथक पाठवले. नोव्हेंबरमध्ये राणी एलिझाबेथ घानाला जाऊन एन्क्रुमांबरोबर नाचली, त्या नाचाचे छायाचित्र जगभर गेले. डिसेंबरमध्ये केनेडींनी होकार दिला.

जानेवारी १९६२ मध्ये करार पुरा झाला. धरण आणि वीजवाहिन्या मिळून ७ कोटी पौंड धरले होते. निम्मे घानाचे स्वतःचे, म्हणजे मुख्यतः कोकोच्या कमाईचे. उरलेले कर्ज : जागतिक बँकेचे ४.७ कोटी डॉलर, अमेरिकेच्या दोन संस्थांचे २.७ कोटी आणि १ कोटी, ब्रिटनचे सुमारे १.४ कोटी. निम्मा भार गरीब देशाने रोखीने उचलला, ही गोष्ट धरणाच्या कौतुकात बहुधा राहून जाते. कोकोचा भाव १९६५ पर्यंत कोसळला आणि खजिना रिता झाला.

काम मात्र उत्तम झाले. इम्प्रेजिलो या इटालियन कंत्राटदार संघाने ते मुदतीच्या आत पुरे केले. मागे तयार झालेला जलाशय सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचा. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात बुडून वर पाणी उरेल. सातशेहून अधिक गावे पाण्याखाली गेली. जॅक्सन अहवालाचा विस्थापितांचा अंदाज ६२,५०० होता, प्रत्यक्षात सुमारे ८०,००० माणसे उठली. त्यांच्यासाठी ५२ वसाहती घाईघाईने वसवल्या. घर म्हणजे एक पुरी खोली, आणि पुढच्या खोलीसाठी जोते व छप्पर, बाकीचे कुटुंबाने बांधायचे. अनेकांनी ते कधीच बांधले नाही. नदीकाठच्या गाळाची शेती गेलेला माणूस कशाच्या बळावर भिंत उचलणार? कित्येकजण वसाहत सोडून निघून गेले. जॅक्सन अहवालाने ज्यांची सूचना दिली होती ते पाण्याचे रोगही आले, बिल्हार्झिया विशेषतः. सूचना होती, तिच्यासाठी खर्चाचा रकाना मात्र पुरेसा नव्हता.

२२ जानेवारी १९६६ रोजी एन्क्रुमांनी धरणाचे उद्घाटन केले. २४ फेब्रुवारीला, ते चीनच्या वाटेवर असताना, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. जे धरण त्यांनी उभ्या हयातीचे स्वप्न म्हणून जपले, त्याचे ते राज्यकर्ते म्हणून जेमतेम एक महिना धनी होते.

टेमाची भट्टी १९६७ मध्ये पेटली आणि धरणाच्या विजेचा निम्म्याहून मोठा वाटा गिळू लागली. तुलनेसाठी सांगायचे तर १९७३ मध्ये तेलाचा भाव चौपट झाला, जगभर वीज महागली, पण भट्टीचा दर त्या जुन्या कराराच्या चौकटीतच वरखाली होत राहिला. १९८० च्या सुमारास तो ५ मिलच्या आसपास होता. मग १९८३-८४ चा दुष्काळ आला. जलाशय इतका खाली गेला की भट्टी बंद करावी लागली. रॉलिंग्ज यांच्या सरकारने त्याच काळात करार फिरवायला घेतला. दीर्घ वाटाघाटींनंतर १९८५ मध्ये नवा दर ठरला : १७ मिल. करारावर सही केलेल्यांपैकी एन्क्रुमा तोपर्यंत हयात नव्हते.

अकोसोंबो फसले असे मी म्हणणार नाही. त्याच्या विजेवर अक्रा, टेमा, कुमासी वाढली. १९७२ पासून शेजारच्या टोगो आणि बेनिनला वीज गेली. डिझेलच्या बोटी थांबल्या. आजच्या हवामानाच्या हिशेबात ती स्वच्छ वीजच गणली जाते, आणि धरण आजही चालते आहे. पण ज्यांची गावे त्या पाण्याखाली आहेत, त्यांच्या अनेक वसाहतींत वीज पोहोचायला कित्येक दशके गेली.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडण्यासाठी ८५० कोटी डॉलरचे साहाय्य जाहीर झाले, त्यातला बहुतेक भाग कर्जाचा. तिथल्या वृत्तपत्रांतली व्याजाची आणि हमीची चर्चा वाचताना जॅक्सन यांचे तीन खंड मला पुन्हा चाळावेसे वाटतात.

व्हाल्को २००४ च्या सुमारास घाना सरकारच्या मालकीकडे वळली. किटसनच्या डोंगरातले बॉक्साइट, ज्याच्यासाठी १९१५ साली ही सगळी कल्पना सुचली, त्याची अल्युमिना देशात करणारा कारखाना तोवर उभा राहिला नव्हता. अवासोच्या खाणीतून ते कच्चेच बाहेर जात होते.