‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी बर्मिंगहॅमच्या चार तरुणांनी लंडनमध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका जवळजवळ एका दिवसात पुरी केली. १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या या ‘ब्लॅक सॅबथ’मध्येच ‘हेवी मेटल’ संगीताचा उगम पुष्कळ जाणकार मानतात. तिचे शीर्षकगीत षड्ज व तीव्र मध्यम यांच्या अंतरावर उभे आहे. आपल्या यमनात नित्य भेटणारे हे अंतर पाश्चात्त्य कानांस मात्र अशुभ वाटते! समीक्षकांनी हेटाळणी केली. तरी ब्रिटनमध्ये ती आठव्या क्रमांकावर पोचली.

परंतु या संगीताचा धातूशी संबंध नावापुरता नव्हे. गिटारवादक टोनी आयोमी १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तोडली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबावयाची बोटे नेमकी हीच. मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टचे वादन ऐकविले. आगीत भाजून राइनहार्टचीही दोन बोटे अधू झाली होती. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि हलक्या तारा चढविल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’तील काही गीतांत त्याने तारा दीड स्वराने उतरविल्या. बोटांवरचा ताण हलका झाला, नाद मात्र अधिकच जड झाला.