जनुकविधेचे अनुमान, संततीवरून
सजीवाचे दृश्य लक्षण (सरूपविधा) पाहून त्यामागील जनुकांची जोडी (जनुकविधा) ओळखता येतेच असे नाही. प्रभावी लक्षण दाखविणारा जीव समरंदुकी (दोन्ही जनुके सारखी असलेला) असेल किंवा विषमरंदुकी (एक प्रभावी व एक अप्रभावी जनुक असलेला) असेल. संततीतील प्रमाणावरून हा भेद ठरविण्याची रीत ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथे वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांतून (१८५६–६३) घालून दिली. त्यांचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘जनुकविधा’ ही संकल्पना मात्र व्हिल्हेल्म योहान्सेन यांची (१९०९).

संकराच्या दुसऱ्या पिढीत मेंडेल यांना ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेली बीजे मिळाली (२·९६ : १). हे प्रमाण सर्वपरिचित आहे. परंतु उपपत्तीचा खरा आधार त्यापुढील प्रयोग होय. गोल बीजांपासून वाढविलेल्या ५६५ झाडांचे स्वपरागण झाल्यावर १९३ झाडांना केवळ गोल, तर ३७२ झाडांना दोन्ही प्रकारची बीजे आली. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या जनकांत एक भाग समरंदुकी व दोन भाग विषमरंदुकी होते.

बीजाचे लक्षण त्याच झाडाच्या शेंगांत दिसते. झाडाची उंची किंवा शेंगेचा रंग यांसाठी मात्र संतती पेरून वाढवावी लागते. अशा प्रत्येक प्रयोगात मेंडेल यांनी १०० झाडे घेऊन प्रत्येकाची १० बीजे पेरली. येथेच अडचण उद्भवते. विषमरंदुकी झाडाची दहाही संतती प्रभावी निघण्याची संभाव्यता सु. ५·६ टक्के असते व अशी झाडे समरंदुकीत मोजली जातात. त्यामुळे सहा प्रयोगांतील ६०० झाडांपैकी सु. २२२ समरंदुकी भासावयास हवी होती. नोंद २०१ ची आहे. ही विसंगती संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३६ मध्ये दाखविली. अपेक्षित उत्तर ठाऊक असलेल्या एखाद्या साहाय्यकाने आकडे जुळविले असावेत, असा त्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात दहाहून अधिक बीजे पेरली असल्यास आक्षेपाचा जोर ओसरतो. शेंगेच्या रंगाच्या प्रयोगातील ६० : ४० हे फळ मेंडेल यांना विसंगत वाटले, म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा केला (६५ : ३५) व दोन्ही फळे नोंदविली, हे त्यांच्या सचोटीचेच लक्षण मानावे लागेल. वस्तुतः सुधारित अपेक्षा सु. ६३ : ३७ असल्याने पहिले फळही वावगे नव्हते.

ही चूक १ टक्क्याच्या आत ठेवावयाची, तर स्वपरागणात प्रत्येक झाडाची किमान १७ संतती तपासावी लागते. अप्रभावी जीवाशी संकर (परीक्षण संकर) केल्यास विषमरंदुकी जनकाची निम्मी संतती अप्रभावी अपेक्षित असते व त्यामुळे ७ संतती पुरतात.