आरोपपत्रातले मंत्र

अंगारे-धुपारे नाकारणाऱ्या घरात मी वाढलो. भगताच्या दारात जायचे नाही, हा आमच्याकडचा दंडक. त्यामुळे मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या मंत्रांचा एक जुना ग्रंथ इंग्रजी अनुवादातून हाती आला, तेव्हा तो मी संशयानेच उघडला. चार पाने वाचली आणि ध्यानात आले, मंत्रांचा तिटकारा माझ्याहून अधिक लिहिणाऱ्यालाच होता.

हा लिहिणारा एर्नान्दो रुइस दे आलार्कोन, आतेनांगोचा स्पॅनिश पाद्री. इंडियनांना परस्पर जाहीर शिक्षा देतो म्हणून १६१४ साली खुद्द इन्क्विझिशनने त्याची चौकशी केली. (गोव्यामुळे हा शब्द आपल्याला परका नाही, मेक्सिकोत मात्र १५७१ पासून तिथले आदिवासी त्या न्यायासनाच्या कक्षेबाहेर होते.) त्याने हे अज्ञानापोटी केले, असे ठरले. आणि पुढे त्यालाच अशा प्रकरणांचा धर्मन्यायाधीश नेमण्यात आले! १६२९ साली त्याने ग्रंथ पुरा केला. इतर पाद्र्यांना हे पाखंड ओळखता यावे आणि उपटून टाकता यावे, एवढाच त्यामागचा हेतू. त्यासाठी त्याने मंत्र नाहुआत्ल भाषेतच उतरवून घेतले. कोणत्या गावात कोणाकडून मिळाले, तेही पुष्कळदा लिहून ठेवले. खटला उभा करायचा तर मजकूर लागतोच.

हा मजकूर काय आहे? पेरणीचा मंत्र, हरणाच्या शिकारीचा, मासेमारीचा, मध काढण्याचा, विंचू उतरवण्याचा. म्हणजे कष्टकऱ्याचा सारा दिवस. त्यात वस्तूंना साधी नावे नाहीत. मका म्हणजे ‘सात सर्प’, जमीन म्हणजे ‘एक ससा’, विस्तव म्हणजे ‘चार बोरू’. हाड बसवतानाचा मंत्र मी पुन्हा पुन्हा वाचला. नाहुआंच्या कथेत केत्साल्कोआत्ल हा देव मृतांच्या प्रदेशातून आधीच्या माणसांची हाडे आणायला जातो. वाटेत लावे पक्षी त्याला दचकवतात, तो पडतो, हाडे मोडतात. त्या मोडक्या हाडांतूनच आजची माणसे घडली. समोरच्या रोग्याचे मोडलेले हाड हे तेच पहिले हाड आहे, असे धरून वैदू, म्हणजे टिसित्ल, बोलतो आणि स्वतःला केत्साल्कोआत्ल म्हणवतो. मंत्राने हाड सांधते असे मी आजही म्हणणार नाही. पण पाद्री ज्याला केव्हाही फटके मारू शकतो, असा माणूस इथे ‘तो देव मीच’ म्हणून उभा आहे. न्यायाधीशाला नेमके हेच खुपले असणार.

कारण औषधाचे या राजवटीला वावडे नव्हते. त्लातेलोल्कोच्या विद्यालयात १५५२ साली मार्तिन दे ला क्रूस या नाहुआ वैद्याने वनौषधींचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. होचिमिल्कोच्या हुआन बादियानोने त्याचे लॅटिन केले. तोही नाहुआच. ग्रंथ स्पेनच्या राजासाठी नजराणा म्हणून गेला. तो करवून घेणारा फ्रान्सिस्को हा व्हाइसरॉय आन्तोनियो दे मेंदोसाचा मुलगा. याच बापाने १५४१ साली वायव्य सरहद्दीवरचे काश्कान लोकांचे बंड, मिश्तोनचे युद्ध, मोडायला हजारो नाहुआ लढवय्ये नेले होते. त्यांच्या सरदारांना घोडे आणि स्पॅनिश शस्त्रे वापरू दिली होती. १५९१ साली त्याच सरहद्दीवर वसाहतीला त्लाक्सकालाची सुमारे ४०० कुटुंबे धाडली, तीही घोड्याचा आणि शस्त्राचा हक्क देऊन. लढाईला नाहुआंचे हात चालले, राजाच्या दरबारात नाहुआंची वनस्पती चालली. वनस्पती खुडताना तोंडातून निघणारा शब्द मात्र गुन्हा ठरला.

मार्तिनचा ग्रंथ पुढे रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पोचला आणि १९९० साली पोपने तो मेक्सिकोला परत केला. पाद्र्याचे हस्तलिखित १८९२ साली मेक्सिकोत छापले गेले. नाहुआत्लचे अभ्यासक आज ते जपून वापरतात, कारण ते मंत्र दुसरीकडे फारसे टिकलेच नाहीत. ज्यांच्या तोंडून ते वदवून घेतले, त्या बायाबापड्यांची नावेही त्यात सापडतात. पाद्र्यांनीच ठेवलेली, बाप्तिस्म्याची नावे.