साखरखेर्ड्याची लढाई आणि पाचव्या नंबरचा गडी

माझा नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत घरी आला की रात्रीची जेवणं आटोपल्यावर तो लॅपटॉप उघडतो, कानाला हेडफोन लावतो आणि 'डोटा २' नावाची लढाई खेळायला बसतो. इकडून पाच गडी, तिकडून पाच गडी. प्रत्येक बाजूचा एक तळ. समोरच्याच्या तळात शिरून त्यांचं मुख्य ठाणं पाडायचं की डाव संपला. गडी मात्र एका खोलीत नसतात. एक पुण्यात, एक दिल्लीत, एखादा परदेशातसुद्धा.

तुम्ही म्हणाल, मास्तर इतिहासाचे, यांचं या खेळात काय काम? तेच सांगतो.

या पाच गड्यांची कामं वाटून दिलेली असतात. एक जण मोठा होणार असतो. त्याला 'कॅरी' म्हणतात. सुरुवातीला तो दुबळा असतो, पण सोनं मिळत गेलं, शस्त्रं येत गेली की शेवटी तोच डाव ओढून नेतो. आणि एक असतो 'सपोर्ट', म्हणजे आधार देणारा. आमचे चिरंजीव हेच काम करतात, त्यांच्या भाषेत 'पाच नंबर'. त्याच्याकडे सोनं सगळ्यांत कमी. तो कॅरीच्या आगेमागे राहतो, त्याला वाचवतो, त्याच्या जखमा भरतो, नकाशावर जिथे धुकं आहे तिथे टेहळणीच्या खुणा पेरून ठेवतो. शत्रूकडचा एखादा प्यादा मरायला आला की हा हात आवरतो, कारण शेवटचा घाव घालणाऱ्याला सोनं मिळतं आणि ते कॅरीला मिळायला हवं.

हे सगळं मला समजावून सांगताना तो एकदा म्हणाला, "आबा, जिंकलो की कॅरी जिंकला आणि हरलो की सपोर्ट हरला. शिव्या पहिल्या मलाच. तुमच्या इतिहासात तरी सपोर्टवाल्याला कोणी विचारतं का?"

तो हसत बोलला, पण हे काम सोडून द्यायचं त्याच्या मनात घोळत होतं हे मला कळलं. मी आयुष्यभर खेड्यातल्या मुलांना इतिहास शिकवला. असा प्रश्न कानावर आला की गप्प बसवत नाही. त्यातून उत्तर शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच एक लढाई अशी झाली आहे की जिच्यात मराठ्यांचा सगळ्यांत नामांकित सेनापती दुसऱ्याचा साथीदार म्हणून उभा होता.

साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव. आज लोक त्याला पलसिद्ध महास्वामींच्या मठामुळे आणि प्रल्हाद महाराजांमुळे ओळखतात. १७२४ च्या ऑक्टोबरात तिथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान या दोन मोगल सरदारांत लढाई झाली. दोघेही दिल्लीच्या बादशहाचेच चाकर! निजाम १७२२ साली दिल्लीत वजीर झाला, पण दरबारातल्या कारस्थानांना कंटाळून त्याने दक्षिणेची वाट धरली. बादशहा महंमदशहाला ते नको होतं. त्याने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला आतून इशारा दिला की निजामाला हटव आणि दक्षिणेची सुभेदारी तू घे.

या भांडणात बाजीराव पेशवे कुठून आले? त्यांचं वय तेव्हा अवघं २४, पेशवाई मिळून चार वर्षं झालेली. वडील बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९ साली दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या होत्या. पण कागद हातात असणं वेगळं आणि पैसा वसूल होणं वेगळं. मुबारिझखान आपल्या सुभ्यात मराठ्यांना चौथाई घेऊ देत नव्हता. निजामही काही मराठ्यांचा मित्र नव्हता, पण त्या घडीला तो अडचणीत होता आणि त्याला दक्षिणेत शांतता हवी होती. मे १७२४ मध्ये धारजवळच्या नालछा इथे दोघांची भेट झाली. पुढे साखरखेर्ड्याच्या स्वारीत बाजीरावांनी निजामाची बाजू घेतली. लढाईत मुबारिझखान पडला, त्याचे दोन मुलगेही पडले. निजाम दक्षिणेचा खरा धनी झाला. पुढे १९४८ पर्यंत चाललेलं हैदराबादचं आसफजाही राज्य इतिहासकार या लढाईपासूनच मोजतात. सव्वादोनशे वर्षांचं एक राज्य आपल्या सिंदखेडच्या मुलखात जन्माला आलं, हे आपल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. असो.

आता साथीदाराच्या नजरेने ही लढाई पाहू. जय निजामाचा झाला. त्या विजयाची खूण म्हणून गावाचं नाव बदलून फतेहखेलडा ठेवलं गेलं. बाजीरावांना मानाची वस्त्रं, सात हजारी मनसब, एक हत्ती आणि एक रत्न मिळालं. गावाला नाव मात्र निजामाच्या फत्तेचं. नातवाच्या भाषेत सांगायचं तर शेवटचा घाव निजामाने घातला, सोनं त्याला मिळालं. बाजीरावांनी ते त्याला घेऊ दिलं, कारण त्यांचा हिशेब वेगळा होता. चौथाईला उघड विरोध करणारा माणूस वाटेतून दूर झाला आणि उरलेला माणूस त्यांच्या उपकाराखाली आला. चांगली साथ आंधळी नसते, हे मला इथे दिसतं. कोणाला, कधी आणि कशासाठी साथ द्यायची याचा विचार साथीदाराने स्वतः करायचा असतो.

इतकं सांगितल्यावर नातू म्हणाला, "पण आबा, बाजीराव शेवटी बाजीरावच. कायम मागे राहणाऱ्यांचं काय?" बरोबर आहे. मग मी त्याला त्याच्याच खेळातली कामं एकेक करून इतिहासात दाखवत गेलो.

धुक्यात खुणा पेरायचं काम घ्या. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. स्वारी महाराजांची, पण सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल ही खबर आणणारा बहिर्जी जासूद होता, असं सभासदाच्या बखरीत आहे. हेराचं काम जितकं चांगलं तितका तो स्वतः कमी दिसतो. त्याचा पुरावा मागे राहिला तर तो हेर कसला? म्हणून बहिर्जीविषयी कथा खूप आणि कागद थोडे.

वेळ मिळवून देण्याचं काम घ्या. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले. सिद्दीची सगळी फौज मारण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतंच. राजा गडावर पोहोचेपर्यंत वाट अडवायची, एवढंच होतं. त्यांचं यश मेलेल्या शत्रूंच्या संख्येवर मोजता येत नाही. ते अडवलेल्या वेळेवर मोजावं लागतं. आणि आपल्या सिंदखेडच्या जिजाऊ? महाराज १६६६ साली आग्र्यात अडकले होते, तेव्हा इकडे राज्य त्यांनी सांभाळलं. महाराज परत आले तेव्हा राज्य जागच्या जागी होतं. काहीच बिघडलं नाही, हाच त्या कामाचा पुरावा. पण जे बिघडलं नाही त्याच्यावर पोवाडा कोण रचणार?

आता रसद. आपल्या मेहकर-लोणार भागात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. आज त्यांची ओळख वेगळी आहे, पण एके काळी दख्खनच्या सगळ्या फौजा त्यांच्या बैलांवर जगत होत्या. हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून हे तांडे लष्कराबरोबर चालायचे. १८०३ मध्ये जनरल वेलस्ली आपल्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात असईला लढला आणि नंतर अकोटजवळ अडगावला. त्याचा पत्रव्यवहार पाहिला तर तोफांइतकीच काळजी बैलांची आणि बंजाऱ्यांच्या धान्याची दिसते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा हा माणूस. त्याला चांगलं कळत होतं की बैल थांबले तर फौज थांबते.

हे न साधल्यामुळे काय होतं ते पानिपतावर दिसलं. अब्दाली परक्या मुलखात आलेला, पण नजीबखान रोहिल्याने त्याची रसद चालू ठेवली आणि अवधचा शुजाउद्दौलाही त्याला जाऊन मिळाला. आपल्या बाजूने सूरजमल जाट निघून गेला, राजपूत तटस्थ राहिले. शत्रूची रसद तोडायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. ते डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. त्यानंतर महिन्याभरात, १४ जानेवारी १७६१ ला, उपाशी फौज लढायला बाहेर पडली. आपल्याकडे कॅरी कमी नव्हते, मंडळी. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, एकाहून एक. आधार देणारे कमी पडले.

ज्याला इतिहासाचा कंटाळा आहे त्याने क्रिकेट आठवावं. २००१ साली कोलकात्याला फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणने २८१ धावा केल्या. तो आकडा पोराटोरांनाही पाठ आहे. त्याच डावात दुसऱ्या टोकाला द्रविड १८० धावा करून उभा होता आणि दोघांची भागीदारी ३७६ ची होती. द्रविड लवकर बाद झाला असता तर २८१ कुठून आले असते? आपल्या शाहिरीत याला फार चांगला शब्द आहे, झीलकरी. शाहीर पुढे असतो, मागून झीलकरी सूर धरतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढचा चौक उचलतो. झील तुटली की पोवाडा पडतो. मात्र ऐकणारा घरी जाताना शाहिराचंच नाव सांगतो.

आता पुन्हा बाजीरावांकडे येतो, कारण साखरखेर्ड्याची गोष्ट साखरखेर्ड्यात संपत नाही. निजामाने उपकार फार दिवस लक्षात ठेवले नाहीत. त्याने कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून शाहू महाराजांच्या चौथाईवरच प्रश्न उभा केला, पुढे पुण्यापर्यंत धडक मारली. तेव्हा बाजीराव निजामाच्या तोफखान्यासमोर जाऊन उभे राहिले नाहीत. १७२७ च्या पावसाळ्यानंतर जालन्याकडून वऱ्हाडात, तिथून खानदेश, गुजरात असे वेगाने फिरत राहिले आणि निजामाला मागे मागे ओढत नेलं. औरंगाबादेला धोका आहे असं दिसताच निजाम जड तोफा मागे ठेवून धावला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला घेरलं. पाणी तोडलं, धान्य तोडलं. मोठी लढाई न होताच निजाम तहाला आला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याला मान्य करावा लागला.

चार वर्षांपूर्वी बाजीराव याच निजामाच्या बाजूने उभे होते. त्याची फौज कशी चालते, तोफा तिला किती जड करतात, हे त्यांनी जवळून पाहिलं असणार. हे माझं अनुमान आहे, पण मास्तरकीच्या अनुभवावरून सांगतो, वर्गात सगळ्यांत जास्त शिकतो तो दुसऱ्याला समजावून सांगणारा मुलगा. जो दुसऱ्याला सांभाळतो त्याला त्याचं बळ कळतं, तसं त्याचं दुखणंही कळतं. पालखेडला बाजीरावांनी घाव घातला तो निजामाच्या तलवारीवर नाही. ज्या आधारावर ती तलवार उभी होती, त्या पाण्यावर आणि धान्यावर घातला.

नातवाचा खेळ आता चार पोरांचा पोरखेळही राहिलेला नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धा झाली, तिथे भारताच्या डोटा २ संघाने कांस्यपदक मिळवलं. पदक पाचही जणांच्या गळ्यात पडलं, पाचव्या नंबरच्याही. त्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मात्र पदकात नाही. इतिहास साथीदाराला विचारतो का? खरं सांगायचं तर फारसा विचारत नाही. बंजाऱ्यांच्या एकाही नायकाचं नाव आपण शाळेत शिकवत नाही. घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर पडलेल्या मावळ्यांपैकी बहुतेकांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. ज्याला नाव हवं त्याने हे काम घेऊ नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. ज्याला लढाई कशावर चालते हे समजून घ्यायचं आहे, त्याने मात्र जरूर घ्यावं. ते तिथूनच दिसतं.

आणि नावाचं म्हणाल तर, जिंकणाऱ्याने ठेवलेलं फतेहखेलडा हे नाव आज जुन्या पुस्तकांतच सापडतं. मेहकरच्या स्टँडवर उभं राहून ते गाव विचाराल तर कंडक्टरही गोंधळेल. गाडीच्या पाटीवर साखरखेर्डाच लिहिलेलं असतं.